राहून गेलेली गाणी

1986 सालची गोष्ट. मी नुकताच दहावीत गेलो होतो. आम्ही वाईला राहायचो. अब्बांची फियाट टॅक्सी होती. वाई-पाचगणी हा त्यांचा रोजचा रस्ता. सीझनमध्ये महाबळेश्वर, आणि कुणाला रेल्वे गाठायची असेल तर वाठार स्टेशन. पसरणीचा घाट त्यांना इतका पाठ होता की अम्मी म्हणायची, "यांना झोपेत गाडीत बसवलं तरी पाचगणीच्या बाजारात जाऊनच उभे राहतील."

आमच्या घरची बोली दखनी. शाळेत मराठी, मदरशात उर्दू आणि घरात ही सगळ्यांची मिळून झालेली दखनी. इथं मी घरातलं बरंचसं बोलणं मराठीतच लिहितो आहे. ज्यांच्या घरी ही बोली आहे, त्यांना मूळ वाक्यं आपोआप ऐकू येतील.

मे महिन्यातल्या एका रात्री गाडी धुताना अब्बांना मागच्या सीटच्या फटीत एक कॅसेट सापडली. वर चार गोऱ्या तरुणांचा फोटो. निदान मला तरी ते चौघं गोरेच वाटले. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'क्वीन – ग्रेटेस्ट हिट्स'. दुपारी मुंबईचं एक कुटुंब हॉटेलवर सोडलं होतं, त्यांचीच असणार म्हणून अब्बा दुसऱ्या दिवशी हॉटेलवर गेले. ते लोक सकाळीच निघून गेले होते. अब्बांनी स्टँडवर सगळ्यांना सांगून ठेवलं आणि कॅसेट घरच्या लोखंडी पेटीत ठेवून दिली. त्या पेटीत अशा बऱ्याच वस्तू असत. कुणाचा चष्मा, कुणाची छत्री, लहान मुलाचा एकच बूट. पेटी बंद करताना ते आम्हा भावंडांकडे बघून म्हणाले, "अमानत है. हात नको लगाना."

पेटीला कुलूप नव्हतं. अब्बांना त्याची गरज वाटत नसे.

आमच्या घरी मामूंनी कुवेतहून आणलेला टू-इन-वन होता. अम्मी त्यावर कव्वाल्या आणि नात ऐकायची. अब्बा घाटात आणि अम्मी शेजारी गेल्याची संधी साधून एका दुपारी मी ती कॅसेट लावली. माझी मोठी बहीण, आपा, चुलीपाशी भाकऱ्या करत होती. ती काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "आवाज कमी ठेव."

पहिलंच गाणं होतं 'बोहेमियन रॅप्सडी'. सहा मिनिटांना जेमतेम पाच सेकंद कमी असलेलं हे गाणं. सुरुवातीला कुणी हळू आवाजात रडगाणं सांगतंय असं वाटतं. मग पियानो, मग गिटार, आणि मधेच गाण्याचं नाटक होतं. खूप माणसं एकमेकांवर ओरडू लागतात. त्या ओरडण्यात मला एक शब्द ऐकू आला आणि मी दचकलो. आपानंही तव्यावरची भाकरी तशीच ठेवून मान वर केली.

"बिस्मिल्ला म्हणाला का रे तो?"

मी रिवाइंड करून पुन्हा लावलं. म्हणत होता खरा. घास घेताना, पाटी धरताना, दाराबाहेर पाऊल टाकताना आम्ही जो शब्द म्हणतो, तो शब्द ही माणसं गात होती. का, कशासाठी, काही कळेना. इंग्रजी मला पुस्तकापुरतं येत होतं. आपाला तेवढंही नाही. पण त्या दिवसापासून ती कॅसेट आम्हा दोघांचं गुपित झाली. दुपारी घर रिकामं झालं की आम्ही ती लावायचो. मला टाळ्या आणि पायांच्या ठेक्यावरचं 'वी विल रॉक यू' आवडायचं. आपाला पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं आवडायचं, 'सेव्ह मी'. त्याचा अर्थ तिनं मला विचारला. मी शब्दकोश बघून सांगितलं, "मला वाचवा." ती म्हणाली, "एवढं कळलं मला. पुढचं सांग." पुढचं मला येत नव्हतं.

एकदा त्याच गाण्याच्या शेवटाकडे टू-इन-वननं फीत खाल्ली. माझे हातपाय गार पडले. आपानं शांतपणे कॅसेट काढली, चुरगळलेला तुकडा कात्रीनं कापला, दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली आणि पेन्सिलीनं गोल गोल फिरवून फीत आत ओढून घेतली. गाणं पुन्हा वाजू लागलं. फक्त त्या जागी ते एकदम उडी मारून पुढे जायचं.

पकडले गेलो ते भाईजानमुळे. भाईजान आमच्यात थोरला. गॅरेजमध्ये काम करायचा आणि त्या वर्षी चिल्ल्याला जाऊन आल्यापासून त्यानं गाणं-बजावणं सोडलं होतं. अस्रची नमाज पढून तो अवेळी घरी आला आणि नेमका तोच शब्द त्याच्या कानावर पडला. त्यानं खटका दाबून टू-इन-वन बंद केला. रात्री अब्बांसमोर त्यानं फिर्याद मांडली. "अल्लाचं नाव असल्या नाचगाण्यात घेतात आणि हा घरात बसून ऐकतो."

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "कॅसेट कुणाची?"

"पॅसेंजरची."

"तुला कुणी दिली?"

मी गप्प. अब्बा भाईजानला म्हणाले, "गाण्याचं नंतर बघू. यानं दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला, ते आधी." फीत कापल्याचंही मला सांगावं लागलं. कुणी कापली ते मात्र मी सांगितलं नाही आणि आपा आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

अब्बा दुसऱ्या दिवशी पेशइमामांना मसला विचारून आले. सापडलेल्या वस्तूचा मालक वर्षभर शोधायचा, नाही सापडला तर ती खैरात करायची किंवा स्वतःच गरजू असलो तर वापरायची. पण मालक कधीही आला, तरी त्याची भरपाई करायला बांधील राहायचं. वर्ष उलटलं, कुणी आलं नाही. अब्बांनी अंदाजानं चाळीस रुपये किंमत धरली, तेवढे एका विधवेला दिले आणि कॅसेट माझ्या हातात ठेवली. "आता ऐक. पण मालक आला तर चाळीस रुपये तुला द्यायचे आहेत, लक्षात ठेव." मग त्यांनी त्यातल्या गाण्यांच्या नावांचा अर्थ विचारला. मी सतरापैकी सोळा नावांचा अर्थ सांगितला. एक नाव जाड बायकांबद्दलचं होतं. ते मी गाळलं.

पुढे मी पुण्याला कॉलेजात गेलो. होस्टेलवर एक मित्र भेटला. त्याच्याकडे इंग्रजी गाण्यांच्या शंभरेक कॅसेट होत्या. मी मोठ्या अभिमानानं माझी कॅसेट दाखवली. तो हसला. म्हणाला, "ग्रेटेस्ट हिट्स? ही तर क्वीन न ऐकणाऱ्यांसाठी काढलेली कॅसेट आहे."

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, हे मला पुढे हळूहळू कळलं. हा संग्रह 1981 साली निघाला. 1974 ते 1980 या काळात ब्रिटनमध्ये गाजलेली गाणी त्यात आहेत. 1973 सालच्या पहिल्या अल्बममधलं एकही गाणं त्यात नाही. दुसऱ्या अल्बममधलं एकच आहे. उलट 1980 सालच्या 'द गेम' या एका अल्बममधून चार गाणी घेतली आहेत. 'लव्ह ऑफ माय लाइफ' नाही, 'थर्टी-नाइन' नाही, 'टाय युवर मदर डाउन' नाही. चौघंही गाणी लिहायचे, पण या सतरांत फ्रेडी मर्क्युरीची दहा, ब्रायन मेची पाच, जॉन डीकनची दोन आणि ढोल वाजवणाऱ्या रॉजर टेलरचं एकही नाही. जुन्या चाहत्यांचा राग असा की, हा संग्रह ऐकून माणसाला वाटतं, क्वीन म्हणजे तीन-चार मिनिटांची चटपटीत गाणी करणारी मंडळी. त्यांचं सुरुवातीचं अवघड, लांब, अंधारं काम त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

दुसरा पक्षही तेवढाच हट्टी आहे. तो म्हणतो, दरवाजाला घर समजू नका, पण दरवाजाच नसेल तर घरात येणार कसे? 'बोहेमियन रॅप्सडी'नं सुरू होऊन 'वी आर द चॅम्पियन्स'वर संपणारा हा क्रम इतका नेमका बसला आहे की लोकांना तो एकाच अल्बमसारखा वाटतो. आकड्यांनी तर याच पक्षाला कौल दिला. 2014 साली ब्रिटनमध्ये साठ लाख प्रती खपलेला हा पहिला अल्बम ठरला आणि 2022 साली त्यानं सत्तर लाखांचा टप्पा ओलांडला. भांडणात आणखी एक गंमत आहे. 1981 साली वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी गाणी घालून हा संग्रह काढला होता. अमेरिकेतल्या कॅसेटवर डेव्हिड बोवीबरोबरचं 'अंडर प्रेशर' होतं. ब्रिटनमध्ये ते यायला 1991 सालचा दुसरा संग्रह उजाडावा लागला. म्हणजे दोन देशांतले दोन चाहते 'ग्रेटेस्ट हिट्स'वरून भांडतात, तेव्हा ते एकाच कॅसेटबद्दल बोलत असतील याची खात्री नाही!

मित्र मनानं वाईट नव्हता. त्यानं मला राहून गेलेली गाणी एकेक करून ऐकवली. एके रात्री डोळे मिचकावत म्हणाला, "आता हे ऐक. तुमचं गाणं." ते होतं 'मुस्तफा'. 1978 सालच्या 'जॅझ' अल्बममधलं पहिलंच. इब्राहिम, अल्ला अशी नावं आणि अरबी-फारसीसारखे वाटणारे शब्द, बाकी अर्थ लागत नाही. खोलीतले सगळे हसले, मीही हसलो. पण 'तुमचं' हा शब्द रात्रभर बोचत राहिला. वाईच्या घरात दुपारी तो एक शब्द ऐकला, तेव्हा आम्हाला कुणी 'तुमचं' म्हणून दिला नव्हता. तो आम्हाला सापडला होता. इथं माझ्या बाकी सगळ्या आवडीनिवडी बाजूला सारून मला एका गाण्यात बसवलं होतं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हा अनुभव असेल. मराठी मुलखात मुसलमान माणसाची एक 'ग्रेटेस्ट हिट्स' तयार असते. बिर्याणी, शीरखुर्मा, कव्वाली, गझल, अत्तर. प्रेमानं केलेली निवड असते ती, नाही असं नाही. ईदच्या दिवशी ती हमखास वाजते. पण घाटात टॅक्सी चालवणं, दहावीला मराठीत पहिला येणं, पावसाळ्यात गळणारं घर, वारीच्या दिवसांत दिंडीला पाणी देणारी अम्मी, ही गाणी त्या कॅसेटवर कधी येत नाहीत. होस्टेलवरच्या त्या रात्री मला वाटलं होतं की निवड करणारे नेहमी दुसरेच असतात आणि वगळले जाणारे आपण.

1991 च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेडी मर्क्युरी गेला. 23 तारखेला त्यानं आपल्याला एड्स झाल्याचं जाहीर केलं आणि 24 ला तो वारला. वय अवघं 45. होस्टेलच्या वाचनालयात मी इंग्रजी पेपरात ती बातमी वाचली आणि एका ओळीवर थबकलो. त्याचं मूळ नाव फारोख बलसारा. झांझिबारमधल्या पारशी कुटुंबात जन्म. आणि शालेय शिक्षण पाचगणीत.

पाचगणीत! आमच्या घरापासून घाट चढून गेलं की बारा-तेरा किलोमीटरवर. आठ वर्षांचा असताना आईबापांनी त्याला झांझिबारहून बोटीनं पाठवून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं होतं. तिथंच तो पियानो शिकला, तिथंच मुलं त्याला फ्रेडी म्हणू लागली, तिथंच त्यानं मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचं पहिलं वाद्यवृंद काढलं. 1963 च्या सुमारास तो परत गेला. पुढच्याच वर्षी झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि ते कुटुंब इंग्लंडला पळालं. पुढे जगभर कीर्ती झाली, पण मुलाखतींत त्यानं फारोखबद्दल, पाचगणीबद्दल फार कधी सांगितलं नाही. स्वतःच्या संग्रहातून त्यानंच ते गाणं वगळलं होतं.

मी सुटीत घरी गेलो तेव्हा अब्बांना हे सांगितलं. अब्बा 1960 पासून त्या घाटात होते, आधी क्लीनर म्हणून, मग ड्रायव्हर म्हणून. स्टँडवर बातमी पोचलीच होती. दोघा-तिघा जुन्या ड्रायव्हरांनी त्या पोराला आपल्या गाडीतून नेल्याच्या कथाही रचल्या होत्या. मी अब्बांना विचारलं, "तुम्ही नेलं असेल का त्याला?"

"नेलं असेल, नसेलही. शाळा उघडायच्या दिवसांत पोरंच पोरं असायची. पेट्या, गाद्या, रडणं. चेहरे कोण बघतो? मी खोटं का सांगू?"

भाईजान तेव्हा सौदीला होता. त्याला मी पत्रात हे लिहिलं, तर त्याचं उत्तर आलं, "कसा मेला ते बघ आणि इबरत घे." मी ते अब्बांना वाचून दाखवलं. अब्बा म्हणाले, "मरनेवाले का हिसाब अल्ला के पास. तेरे भाई को लिख, अपना देख."

मग 2004 सालची बातमी. इराणमध्ये 1979 च्या क्रांतीनंतर पाश्चात्त्य संगीतावर कडक बंधनं होती. तिथं क्वीनच्या निवडक गाण्यांची कॅसेट सरकारी परवानगीनं विकायला आली. असा परवाना मिळालेला तो पहिलाच रॉक बँड, असं तेव्हा छापून आलं होतं. प्रेमगीतं गाळली होती. कॅसेटबरोबर फारसीत एक पत्रक होतं, त्यात गाण्यांचा अर्थ दिला होता. 'बोहेमियन रॅप्सडी'बद्दल असं की, एका तरुणाच्या हातून चुकून खून होतो, तो आपला आत्मा सैतानाला विकतो आणि फाशीच्या आदल्या रात्री अल्लाला हाक मारून तो परत मिळवतो. बिस्मिल्लाचा अर्थ अखेर कुणीतरी लावला होता! खुद्द फ्रेडीनं त्या गाण्याचा अर्थ कधी उलगडून सांगितला नाही, ही गोष्ट वेगळी.

अब्बा तेव्हा थकले होते, गाडी विकली होती. त्यांनी बातमी ऐकली आणि विचारलं, "बिस्मिल्ला रख्या और मुहब्बत निकाल दी?" आणि बराच वेळ हसत राहिले. मला मात्र माझं पत्रक आठवलं. सोळा नावांचं.

दोन वर्षांनी, 2006 मध्ये, झांझिबारला फ्रेडीच्या साठाव्या जन्मदिनाचा समारंभ तिथल्या एका धार्मिक संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाला. म्हणजे एका मुस्लिम देशात तो पत्रकासह आत आला आणि जिथं जन्मला त्या मुस्लिम बेटावर त्याला दार बंद झालं. प्रत्येकानं आपल्याला हवा तेवढाच फ्रेडी घेतला.

2011 साली अब्बा वारले.

जियारतीच्या दिवशी बाहेरच्या खोलीत माणसं दाटली होती. स्टँडवरचे ड्रायव्हर, हॉटेलवाले, मोहल्ल्यातले बुजुर्ग, शाळेतले माझे सहकारी. मी तोवर इंग्रजीचा शिक्षक होऊन वीस वर्षं होत आली होती. एकेक जण बोलत होता. कुणी पॅसेंजरची दागिन्यांची पिशवी परत केल्याची गोष्ट सांगितली, कुणी पावसात दरड कोसळली तेव्हा रात्रभर अडकलेल्या लोकांना पाणी पोचवल्याची. कुणी म्हणालं, पाच वेळची नमाज आणि ठरलेलं भाडं, दोन्ही कधी चुकलं नाही. शेवटी मी बोललो. मी कॅसेटची गोष्ट सांगितली. चाळीस रुपयांपर्यंत आलो तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं.

सगळे गेल्यावर मी आत गेलो. आपा चहाच्या कपबश्या विसळत होती. तिनं माझ्याकडे न बघता म्हटलं, "छान बोललास."

मग थोड्या वेळानं म्हणाली, "दुसऱ्याची कॅसेट वर्षभर सांभाळली त्यांनी. माझं दप्तर तर माझंच होतं."

वाचकहो, इथंवर तुम्ही जे वाचलंत तीही 'ग्रेटेस्ट हिट्स'च आहे. प्रामाणिक अब्बा, उदार अब्बा, हजरजबाबी अब्बा. यातलं एकही गाणं खोटं नाही. पण 1982 साली आपा सातवी पास झाली, वर्गात दुसरी आली, आणि जूनमध्ये अब्बांनी तिला शाळेत पाठवलं नाही. मोहल्ल्यातल्या कुणाच्या मुली हायस्कूलला जात नव्हत्या, एवढंच कारण. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. तिचं दप्तर एका खिळ्याला टांगलेलं होतं, एके दिवशी ते माझ्या खांद्यावर आलं. दरवर्षी शाळा उघडायच्या दिवसांत अब्बा परमुलखातल्या मुलांना पेट्या-गाद्यांसकट घाटावर शाळेत पोचवायचे आणि संध्याकाळी घरी यायचे, तेव्हा त्यांची मुलगी भाकऱ्या करत असायची. 'सेव्ह मी'चा अर्थ विचारणारी ती मुलगी सतरा वर्षांची होती आणि तिला पुढचं सांगायला घरात कुणी नव्हतं. 1988 साली तिचं लग्न झालं.

हे मी जियारतीला सांगायला हवं होतं, असं नाही म्हणत. मयताच्या घरी माणसानं चांगलंच बोलावं. पण मी ते तोवर कुठंच सांगितलं नव्हतं. होस्टेलवर 'तुमचं गाणं' ऐकून रात्रभर तळमळणाऱ्या मला, आपल्याच घरातल्या निवडीत कुणाला वगळलं गेलं, हे वीस वर्षं दिसलं नाही. कारण त्या निवडीत मी होतो. निवडला गेलेला माणूस यादी सहसा तपासत नाही.

मी आपाला म्हणालो, "मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो."

ती म्हणाली, "तेव्हा होतास. नंतर कुठं होतास?"

मला उत्तर देता आलं नाही. बोर्डाचा बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म तुम्हाला माहीत असेल, सतरा नंबरचा. मी शाळेत दरवर्षी तो दुसऱ्यांसाठी भरून देत होतो. पुढच्या महिन्यात मी तो घेऊन आपाच्या घरी गेलो. तिचे मालक आधी नको म्हणाले, मुलं हसली. तिची थोरली लेक तेव्हा बी.एस्सी. करत होती. तिनं फॉर्म माझ्या हातातून घेतला आणि टेबलावर बसून भरायला लागली. आपा म्हणाली, "सतरा नंबर? कॅसेटवर पण सतराच गाणी होती ना?" इतक्या वर्षांनी तिला ते आठवत होतं.

पहिल्या वेळी ती इंग्रजीत गेली. ऑक्टोबरला पुन्हा बसली आणि सुटली. तेव्हा ती 44 वर्षांची होती. गणितात तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले होते. भाईजाननं सौदीहून फोन केला. त्यानं काय म्हटलं ते आपानं सांगितलं नाही, पण फोन ठेवल्यावर ती बराच वेळ पदरानं चष्मा पुसत होती. पुढच्या सुटीत त्यानं तिच्यासाठी पार्करचं पेन आणलं.

2018 साली फ्रेडीवरचा सिनेमा आल्यापासून पाचगणीला येणारे पाहुणे त्याची शाळा कुठं आहे ते विचारतात. तरुण ड्रायव्हर त्यांना लांबून इमारत दाखवतात आणि आपल्या आजोबांनी त्याला गाडीतून नेल्याचं सांगतात. ते ऐकलं की मला अब्बांचं "मी खोटं का सांगू?" आठवतं. मी त्यांच्यावर अजूनही तेवढंच प्रेम करतो. आपाही करते. दर जुम्याला फातेहा तीच न चुकता पढते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या होत्या आणि त्या एकमेकींना खोडत नाहीत, हे मान्य करायला मला वेळ लागला. जुने चाहते ग्रेटेस्ट हिट्सवर रागावतात ते का, हेही मला तेव्हा नीट कळलं. संग्रहात आहेत त्या गाण्यांवर त्यांचा राग नसतोच. राग असतो तो, बाकीची नव्हतीच असं समजणाऱ्यांवर.

कॅसेटचा मालक काही आला नाही. चाळीस रुपये माझ्याकडे थकीत आहेत. कॅसेट अजून घरात आहे, पण टू-इन-वन केव्हाच भंगारात गेला.

मागच्या रमजानमध्ये आपा माझ्याकडे इफ्तारला आली होती. नमाज झाल्यावर म्हणाली, "ते गाणं असेल का रे तुझ्या फोनवर? पहिल्या बाजूचं शेवटचं?" मी शोधून लावलं. ती डोळे मिटून ऐकत होती. गाण्याच्या शेवटाकडे ती जागा आली, जिथं आमची कॅसेट उडी मारायची. गाणं उडी न मारता सरळ पुढे गेलं. आपानं डोळे उघडले.

"हे आपण ऐकलंच नव्हतं," ती म्हणाली. "मीच कापलं होतं."

मी अर्थ सांगायला तोंड उघडलं. तिनं हातानं थांबवलं.

"कळतंय मला. परत लाव."